पाटावरची कुंदा

नागपुरात भुतं रात्री निघत नाहीत. रात्री त्यांना जागाच नसते. मे महिन्यात सूर्य बुडाला की अख्खं शहर बाहेर येतं. गच्च्यांवर पाणी मारलं जातं, गाद्या पडतात, कुल्फीच्या गाड्यांभोवती पोरंसोरं जमतात, आणि मध्यरात्र उलटली तरी कोणी ना कोणी कठड्याला टेकून फोनवर हळू आवाजात बोलत उभं असतं. भुताला निवांतपणा हवा असेल तर त्याने दुपारी यावं. दुपारी हे शहर माणसांनी सोडून दिल्यासारखं असतं. डांबर मऊ पडतं. चौकातले सिग्नल बंद ठेवतात, आणि जे चालू असतात त्यांच्यापाशी हिरव्या नेटचे मांडव ताणलेले असतात, पण त्या मांडवांखाली उभं राहायला कोणी नसतं. घराघरांतून फक्त कूलरची घरघर येते.

मधूनच एखादी स्कूटी येते. वर बसलेल्या बाईचं तोंड ओढणीने गच्च गुंडाळलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातांत कोपरापर्यंत मोजे. ती कोण, किती वयाची, कुठे निघाली, काही कळत नाही. माझी लेक विमानतळापलीकडे मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. ती समोरून गेली तरी मी तिला गाडीच्या नंबरवरून ओळखते. बाहेरगावचे पाहुणे हे पाहून दचकतात, आम्हाला सवय आहे. पण नवतपा लागला, म्हणजे मेअखेरचे ते भट्टीचे दिवस सुरू झाले, की अशी एखादी गुंडाळलेली बाई रिकाम्या रस्त्यावरून सरळ माझ्याकडे येताना पाहून मला आजही भीती वाटते. खोटं कशाला सांगू.

यंदाच्या नवतप्यात या भीतीच्या जोडीला एक कादंबरी आली. आमच्या कॉलनीतल्या बायकांचं वाचन मंडळ आहे. महिन्याला एक पुस्तक, एकीने त्यावर बोलायचं, बाकीच्यांनी कचोरी खात ऐकायचं. मे महिन्यात बोलायला कोणी तयार नसतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. पुस्तकाचं नाव सांगत नाही. लिहिणाऱ्यालाही घरी कूलर चालवायचा असेल. ठरवून दिलेल्या लग्नातून पळून जाणाऱ्या मुलीची गोष्ट, असं मागच्या पानावर लिहिलेलं होतं, आणि पुढच्या पानावर पाठमोरी मुलगी होती, वाऱ्यावर शालू उडत असलेली. मी फार आशेने ते उघडलं. या विषयाकडून मी जरा जास्तच अपेक्षा ठेवते.

आशा पहिल्याच प्रकरणात विरली. नायिका रात्री पळते. विजा कडाडत असतात, ती शालू आणि पैंजणांसकट चिखलातून धावते. मला हसूच आलं. ज्याने हे लिहिलं तो कधी लग्नघरात मुक्कामाला राहिलेला नाही. लग्नघरात रात्री गच्चीवर, अंगणात, जिन्याच्या पायऱ्यांवर पाहुणे झोपलेले असतात. पाय टाकायला जागा नसते. शिवाय झोप न येणारे एक तरी काकाजी प्रत्येक लग्नात असतातच, आणि ते नेमके फाटकाजवळ खाट टाकून पडलेले असतात. अशा घरातून रात्री मांजरही न विचारता जाऊ शकत नाही.

बरं, नवरा मुलगा दुष्ट. इतका दुष्ट, की तिसऱ्याच पानावर तो गड्याला लाथ मारतो. अशा माणसापासून कोणीही पळेल, त्याला कादंबरी कशाला लागते? बाप नुसता गरजतो. आईला रडणं आणि चक्कर येणं एवढीच दोन कामं. आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की मुलगी घराबाहेर पडली आणि तिच्या मागोमाग पुस्तकही बाहेर पडलं. पुन्हा त्या घराकडे वळून बघायला तयार नाही. तिथे हळद कालवून ठेवली आहे, पाट मांडला आहे, बायका यायच्या आहेत. त्या पाटाचं पुढे काय झालं, हे लिहिणाऱ्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मला नेमकं तेच वाचायचं होतं.

कारण अशाच एका पाटावर मी बसले आहे.

माझी दहावीची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. त्या वयात उन्हाळा संपत नाही. मी हनुमाननगरात मावशीकडे राहायला गेले होते, कारण मावशीच्या कुंदाताईचं लग्न ठरलं होतं. कुंदाताई माझ्याहून सहासात वर्षांनी मोठी. अंगकाठी माझ्यासारखीच होती, म्हणजे मी तिच्यासारखी होते. मागून पाहून मावसाजी आम्हा दोघींत गल्लत करायचे. मला त्याचा आनंद व्हायचा, कारण ती टायपिंग शिकलेली होती आणि तिच्या ओढण्या माझ्या ओढण्यांपेक्षा चांगल्या होत्या.

स्थळ सावनेरचं होतं. मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला, राहायला क्वार्टर, स्वभावाने गरीब. त्याने कोणालाही लाथबीथ मारलेली नव्हती. साखरपुड्याला आला तेव्हा लाजून त्याने चिवड्याची बशीसुद्धा संपवली नाही. त्याच्यात काही खोट नव्हती, आणि म्हणूनच कुंदाताईचं कोणी ऐकलं नाही. गच्चीवर कुरड्या घालताना तिने सगळ्या बायकांदेखत अगदी सरळ सांगितलं होतं, "मले नाही करायचं हे लगन." बायका हसल्या. पोरी असंच म्हणतात, आम्हीही म्हटलं होतं, असं कोणीतरी बोललं. मावशी हसली नाही. ती सोऱ्या दाबत राहिली. मला आठवतं, तिची ती कुरडई ताटाएवढी झाली होती.

मावसाजींपर्यंत ते बोलणं पोचलं की नाही कोण जाणे. पत्रिका छापून आल्या होत्या, आणि पत्रिका छापून आल्या की त्या घरात पुढे काही बोलता येत नसे.

हळदीच्या दिवशी सकाळी घरच्या पाच जणींनी कुंदाताईला हळद लावली. नंतर तिला मागच्या खोलीत बसवलं आणि हातात अडकित्ता दिला. हळद लागलेल्या मुलीने उंबऱ्याबाहेर जायचं नाही, एकटं राहायचं नाही, हातातलं लोखंड सोडायचं नाही. आणि दुपारी बाराला तर खिडकीतूनसुद्धा डोकावायचं नाही, कारण हळदीचा वास बाहेरच्यांना लागतो. बाहेरचे म्हणजे कोण, ते आम्ही विचारत नव्हतो. सोबतीला मला बसवलं होतं. सावनेरच्या बायका नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन उन्हं कलल्यावर येणार होत्या, तोवर जेवून सगळं घर आडवं झालं.

खोलीचं मागचं दार अंगणात उघडायचं. तिथे खिडकीला कूलर लावलेला होता आणि मी बादलीने त्यात पाणी भरत होते. नव्या वाळ्याच्या ताट्या होत्या. तो वास आजही कुठे आला तर मी थांबते. कुंदाताई त्या दारातून बाहेर आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, चपला हातात. ओढणीच्या एका टोकाला गाठ होती आणि त्या गाठीत काहीतरी गोल होतं. पांढऱ्या कांद्याची पात गाठीतून थोडी बाहेर आलेली मला दिसली. लू लागू नये म्हणून आमच्याकडे उन्हात जाणारा माणूस कांदा जवळ ठेवतो, त्यात नवल काहीच नव्हतं. नवल इतकंच, की हळदीची मुलगी कांदा बांधून कुठे निघाली.

ती माझ्याजवळ थांबली. ओढणीतून फक्त डोळे दिसत होते आणि कानाजवळ थोडी हळद. म्हणाली, "कूलर बंद नोको करू वं. चालू राहू दे."

एवढंच. मग ती मागच्या गल्लीने गेली. ऊन इतकं होतं की दहा पावलांवर ती मला नीट दिसेनाशी झाली. मी बादल्या भरत राहिले. कूलरच्या आवाजात फाटकाची कडी मलासुद्धा ऐकू आली नाही.

आणि थोड्याच वेळात पुढच्या बाजूला जीपचा हॉर्न वाजला. सावनेरच्या बायका वेळेआधीच आल्या होत्या. जीप पुढे दुसऱ्या लग्नाला द्यायची होती, म्हणून भर उन्हात निघाल्या. मावशी मागच्या खोलीत आली. तिने गादीकडे पाहिलं. गादीवर अडकित्ता होता. ती ओरडली नाही, तिने मला काही विचारलंही नाही. तिला धक्का बसला, असं मी पुढे कित्येक वर्षं धरून चालले होते. तिने दार लावलं, कुंदाताईची पिवळी साडी मला नेसवली आणि सकाळच्या वाटीतली हळद माझ्या तोंडावर लिंपायला लागली, कपाळ, गाल, पापण्या, मान, कानांच्या पाळ्या. पदर नाकापर्यंत ओढला. "डोये मिट," म्हणाली. "कुंदा म्हणून हाक मारली का ओ म्हणजो. बाकी तोंड उघडू नोको."

मला पाटावर बसवलं. बायका आल्या. डोळे मिटलेल्या माणसाला बायकांचा घोळका कसा लागतो, हे मी त्या दिवशी शिकले. आधी बांगड्या, मग घामाचा आणि अबोलीचा वास, मग अनोळखी बोटं. एका पुरुषाच्या अंगाला लागून उरलेली हळद माझ्या तळव्यांना, खांद्यांना, गळ्याला लागत होती, आणि त्या गात होत्या. गाण्यात नाव कुंदाचं होतं. नवरदेवाच्या आत्याने माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "हात किती गार हायेत वं पोरीचे." हात गार असणारच, मी नुकतीच कूलरमध्ये पाणी भरून आले होते. पण हे मला सांगता येत नव्हतं. मग तिने माझी हनुवटी उचलून हाक मारली, "कुंदे."

मी म्हटलं, "ओ."

तो आवाज माझा नव्हता. मी खरंच सांगते, तो मी काढला, पण तो कुंदाताईचा होता. आत्याने माझी हनुवटी पटकन सोडली. कुणीतरी कॅमेऱ्याने फोटो काढला, ते मिटल्या डोळ्यांनाही लाल दिसलं. मग त्या सरबत पिऊन, ऊन फार आहे म्हणत घाईघाईने निघून गेल्या.

मावशीने माझं तोंड दुधाने धुतलं. नखांच्या कडेची हळद मात्र कितीतरी दिवस निघाली नाही. संध्याकाळी मावसाजींना सांगितलं गेलं, आणि त्या घरात जे व्हायचं ते झालं. ते लिहीत नाही. कोणीही कल्पना करू शकेल. कल्पना करता येणार नाही ते सावनेरला झालं.

नवरदेवाचा एक मित्र त्या दुपारी बसस्थानकावर होता. त्याने पाणपोईवर एक मुलगी पाहिली, पाणी प्यायला तिने ओढणी खाली केली होती, मानेवर हळद होती. साखरपुड्याला पाहिलेली, म्हणून त्याने तिला ओळखलं. जबलपूरच्या गाडीकडे जाताना दिसली, असं त्याने सावनेरला जाऊन सांगितलं. आत्याने त्याला वेड्यात काढलं. ऐन त्याच वेळी आम्ही सगळ्याजणी आमच्या हातांनी तिला हळद लावत होतो, ती पाटावर होती, तिने ओ दिली, असं ती म्हणाली. आणि मग नागपूरहून निरोप गेला की मुलगी घरात नाही. तेव्हा आत्याला ते गार हात आठवले.

पाटावर दुसरी मुलगी असू शकते, हे त्यांच्या मनातही आलं नाही, आणि मी त्यांना हसत नाही. ज्याची हळद, त्याच्याच नवरीला लागते. एकाची उष्टी हळद दुसऱ्याच पोरीच्या अंगाला कोणी लावील, तीही मुलीची आई लावील, हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यात येऊच शकत नाही. माझ्या आईला कळलं तेव्हा ती सख्ख्या बहिणीशी कितीतरी दिवस बोलली नाही. त्या मानाने भुतावर विश्वास ठेवणं सोपं होतं. हळदीच्या अंगाने पोरगी भर दुपारी उंबऱ्याबाहेर गेली, तिला बाहेरच्यांनी नेलं, आणि तिच्या रूपाने काहीतरी पाटावर येऊन बसलं. सावनेरच्यांनी चौकशी केली नाही, मानपान मागितला नाही, बसस्थानकावर माणूस पाठवला नाही. जी एका वेळी दोन ठिकाणी दिसते, तिच्यामागे कोण जाणार? मुलाचं त्याच हंगामात दुसरीकडे लग्न झालं.

मावसाजींनाही ती गोष्ट मानवली. पळालेल्या पोरीच्या बापापेक्षा झपाटलेल्या पोरीचा बाप होणं त्यांना बरं वाटलं असावं. पुढे पुढे ते स्वतःच ती सांगायला लागले, आणि मी समोर बसलेली असले तरी त्यांचा आवाज अडखळत नसे. कुंदाताईची ना चिठ्ठी आली, ना फोन. ती कुठे गेली, पोचली का, त्या उन्हात पुढच्या चौकात पडली का, काहीच कळलं नाही. या एवढ्या वर्षांत कोणालाच नाही.

काही वर्षांपूर्वी सदरमधल्या आमच्या ऑफिसात एक नवी मुलगी आली होती, सावनेरहून रोज जायची-यायची. डब्याच्या वेळी भुताच्या गोष्टी निघाल्या आणि ती म्हणाली, माझ्या मामाची खरी घडलेली आहे. मी भाकरीचा तुकडा हातात धरून माझीच गोष्ट ऐकली. तिच्या गोष्टीत माझे हात बर्फासारखे होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तिच्या मोबाइलमध्ये त्या जुन्या फोटोचा फोटो होता. सगळ्यांनी पाहिला, मग माझ्याकडे आला.

पिवळा चेहरा, मिटलेले डोळे, नाकापर्यंत पदर. मी त्यात स्वतःला शोधलं. मी तिथे होते, मला वाळ्याचा वास आठवतो, पाटाचा खिळा टोचत होता तेही आठवतं. पण फोटोत मी नव्हते. ती हनुवटी कुंदाताईची होती. मी मोबाइल परत केला आणि विचारलं, मामा काय म्हणतात? ती म्हणाली, "मामा काही नाही म्हणत. कधीमधी इतकंच म्हणते का, आपली हळद तं कोणालेतरी लागलीच ना. हवेले थोडी लागली."

त्या रात्री घरी मी नवऱ्याशी उगाचच भांडले.

तर ही कादंबरी. मावसाजी गेले त्याला आता बराच काळ झाला. मावशी त्याच घरात राहते, ऐंशीच्या पुढची. डोकं साफ आहे, डोळे मात्र गेल्यातच जमा, माणूस समोर आला की रंग तेवढा दिसतो. उन्हाळ्यात दुपारी मी तिला वाचून दाखवते. अध्यात्म तिला आवडत नाही, गोष्टीच लागतात. मावसाजी गेल्यापासून तिच्या घरात कुंदाताईचा विषय निघत नाही, म्हणून हे पुस्तक तिथे न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण रविवारी मंडळात बोलायचं होतं, दुसरं काही वाचायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर, आपण ते नेऊन पाहावं असं मला आतून वाटत होतं. मी ते पिशवीत टाकलं.

पुस्तक चांगलं नाही, असं मावशीला आधीच सांगून पहिलं प्रकरण वाचलं. विजा कडाडल्या, पैंजण वाजले, आई चक्कर येऊन पडली. मावशी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. कूलर चालू होता. मी पान उलटलं तेव्हा ती म्हणाली, "रातची काहून निघाली थे? दुपारची निघाले पाह्यजे होती. कांदा बांधून."

मी वाचायची थांबले. त्या गाठीबद्दल मी कधी कोणाला बोलले नव्हते. आईलाही नाही, नवऱ्यालाही नाही. ती गाठ पाहिली होती फक्त मी, आणि ज्याने बांधली त्याने.

"कांदा?" मी विचारलं.

"पांढरा. मीच बांधला होता. तुह्या मावसाजीचा शब्द मले मोडता नाही आला, मंग कांदा बांधून देला." तिचे डोळे कूलरच्या दिशेला होते. "सावनेरवाल्या लवकर येतीन हे नव्हतं मालूम. तुले बसवा लागलं. थे गाडीत बसेपर्यंत तं कोणीतरी पाटावर पाह्यजे होतं ना वं."

मी इतकी वर्षं समजत होते की मला पाटावर बसवलं ते अब्रू झाकायला. मी तिच्यावर मनातून रुसले होते, आईपेक्षा जास्त. आणि ती कुरड्यांच्या दिवसापासून, त्या ताटाएवढ्या कुरडईपासून, सगळं ठरवून बसली होती. मला रडू आलं. तिला ते दिसलं नाही, हे बरं झालं. विचारायचं एकच होतं, ते विचारलं. कुंदाताईने कधी कळवलं का?

मावशी म्हणाली, "चिठ्ठी धाडू नोको, हे मीच म्हटलं होतं. तुह्या मावसाजीनं ठिकाण काढलं असतं." हाताने खाटेची पट्टी चाचपत राहिली. "मले का मालूम, थे इतकं ऐकन."

मग तिने पुढे वाच म्हणून सांगितलं. मी रोज जाऊन वाचत राहिले. कादंबरी जितकी भिकार होत गेली तितकी मावशी लक्ष देऊन ऐकायला लागली. नायिकेला गाडीत एक चित्रकार भेटतो, ती मोठ्या शहरात जाते, तिथे ती नाचते की शिवण शिकवते हे लेखकाचं नक्की ठरत नाही. मावशीला चित्रकाराशी घेणंदेणं नव्हतं. मुलगी जेवली का, कुठे झोपली, तिला पाणी कोणी दिलं, एवढंच ती विचारायची. पुस्तकात यातलं काही लिहिलेलं नव्हतं. मी माझ्या मनाने सांगायला लागले. एका बाईने तिला आपल्या खोलीत ठेवून घेतलं. टायपिंग येत होतं, म्हणून काम मिळालं. पहिल्या पगारात तिने वाळ्याच्या ताट्या घेतल्या. मी छापील ओळींवर डोळे ठेवून, पानं उलटत हे वाचत होते, आणि मला एकदाही अडखळायला झालं नाही. त्या दुपारी तिथे मी वाचत होते की दुसरंच कोणी, असं मला आता वाटतं. आवाज पुन्हा तसाच यायला लागला होता, त्या पाटावरचा.

शेवटचं प्रकरण वाचायला गेले तो नवतप्याचा शेवटचा दिवस होता. पुस्तकाचा खरा शेवट सांगते. नायिका पावसात भिजत बापाच्या दारात परत येते, पाया पडते, चुकले म्हणते, आणि तो लाथा मारणारा नवरदेव सुधारून तिची वाट पाहत उभा असतो. सनई. मी ते घरी वाचलं तेव्हा पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. लेकीने उचलून ठेवलं. तिला गेल्याच महिन्यात एक स्थळ आलं होतं. चहा पिता पिता ती नाही म्हणाली, आणि आमच्या घरात कोणी हसलं नाही. मला हे तिला मुद्दाम सांगावंसं वाटतं, पण त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं ती म्हणेल.

मावशीपाशी मी शेवटचं पान उघडलं आणि काही वाचायच्या आत तिनेच विचारलं.

"मंग, पोचली का थे?"

तिचा चेहरा माझ्याकडे होता. तिने हे कधी कोणाला विचारलं नव्हतं. देवालासुद्धा विचारलं नसेल, कारण देवघर मावसाजींच्या खोलीत होतं. मी पुस्तक मिटलं.

"पोचली, मावशी," मी म्हटलं. "सांजचीच पोचली. ऊन नाही लागलं तिला."

"पुस्तकात असंच लिहून हाये?"

"हो."

"मंग तू काहून म्हणत होती, पुस्तक चांगलं नाही म्हणून," मावशी म्हणाली, आणि तिने खाटेवर पाय लांब केले. तिला असं पाय लांब करून पडलेलं मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी मंडळात काय बोलायचं, ते आता मला सुचत नाही. कादंबरी भिकार आहे, हे खरं आहे. पण मी ती एका बाईला पूर्ण वाचून दाखवली आणि तिला ती आवडली, हेही तितकंच खरं.

मी निघाले तेव्हा बाहेर पांढरं ऊन होतं. आरशापुढे उभी राहून मी तोंडाला ओढणी गुंडाळली. लेकीची होती, घाईत उचलून आणलेली, हळदीच्या रंगाची. मागच्या दाराने जाते, गाडी गल्लीत लावली आहे, असं सांगून मी अंगणात आले. मावशी भिंत धरत धरत माझ्यामागे आली. तिच्या हातात एक पांढरा कांदा होता. तिने चाचपून माझ्या ओढणीचं टोक शोधलं, कांदा आत ठेवला आणि गाठ मारली. गाठ पक्की आहे ना, हे दोनदा ओढून पाहिलं. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास येत होता, आणि गल्लीत एकही माणूस नव्हता.

"हळू जा," मावशी म्हणाली. मग थोडं थांबून तिने हाक मारली. "कुंदे."

मी म्हटलं, "ओ."